पाऊस गेला, आता काय लावू?

परतीचा पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो आणि लगेच बागेचे प्रश्न वाढतात. या वेळच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच आहे. बियांच्या पाकिटावर ‘पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबर’ एवढंच छापलेलं असतं. नाशिकला, नागपूरला ते चालतं, कारण तिथे दसऱ्यानंतर रात्री गार होऊ लागतात. मुंबईत त्याच दिवसांत दुपारी पारा ३४-३५ अंशांवर आणि रात्री २४ च्या आसपास असतो. आपल्या वाट्याची थंडी येते ती डिसेंबरात. म्हणून तारखेपेक्षा रात्र किती गार आहे आणि आपल्या गॅलरीत ऊन कुठून येतं, हे आधी बघा.

प्रश्न (गोरेगाव): ऑक्टोबरमध्ये कोथिंबीर दोनदा पेरली. एकदा उगवलीच नाही, दुसऱ्यांदा बोटभर वाढून आडवी झाली. गॅलरी पश्चिमेची आहे.

उत्तर: दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट कुंडीवर येतं. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीत वरची इंचभर माती इतकी तापते की धण्याला कोंब फुटत नाही. दुसऱ्या वेळी रोपं कोलमडली ती बुरशीने. आडवं झालेलं रोप उपटून बघा. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेला असेल, तर बी दाट पडलं होतं आणि माती सतत ओली होती.

मुंबईत कोथिंबीर दिवाळी उलटल्यावर पेरावी. जानेवारीअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकेक ट्रे पेरत राहिलात तर घरात खंड पडत नाही. ट्रे किमान सहा इंच खोल हवा, कारण तिला सोटमूळ असतं. याच कारणाने ती एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावू नये. धणे डब्यातले न घेता बियाण्याचे घ्या. हाताने किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांची दोन दलं वेगळी करा, पण पीठ होऊ देऊ नका. रात्रभर भिजवा, निथळा, दोन-दोन बोटांवर ओळी काढून एक सेंटिमीटर खोल पेरा. वरून चाळलेलं गांडूळखत भुरभुरवा. आठ ते बारा दिवसांत उगवण दिसते, तोवर झारीने सकाळी एकदाच पाणी द्या. चाळीसेक दिवसांनी पहिली कापणी मिळते.

तोपर्यंत जागा मोकळी ठेवायची नसेल तर लाल माठ किंवा मेथी टाका. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि ऑक्टोबरचं ऊन तिला कोथिंबिरीपेक्षा बरंच सोसतं. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या कोवळ्या मेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात, तशी ती उथळ ताटलीतही घेता येते.

प्रश्न (दादर): दक्षिणेच्या खिडकीत मनी प्लँट, पीस लिली आणि नेचे आहेत. पावसाळाभर छान होते, आता पानांवर पांढुरके डाग पडताहेत. बुरशीनाशक मारू का?

उत्तर: आधी पान नीट बघा. डाग खिडकीच्या बाजूच्या पानांवरच आहेत, कागदासारखे कोरडे आहेत आणि चार दिवस झाले तरी वाढत नाहीत? मग ते ऊन लागल्याचे डाग आहेत, फवारणीचा काही उपयोग नाही. बुरशीचा डाग गोलसर असतो, त्याला बहुधा पिवळी कड असते आणि तो एका पानावरून दुसऱ्यावर जातो.

हे ऊन अचानक आलं कुठून, तर सूर्य सरकला म्हणून. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला नुसता उजेड मिळतो. २३ सप्टेंबरनंतर तो विषुववृत्ताच्याही दक्षिणेला जातो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारालाही क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो. म्हणजे ऊन तिरपं होऊन थेट घरात शिरतं. सावलीतली झाडं तीन-चार फूट आत घ्या किंवा पातळ पांढरा पडदा लावा. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर ते कापू नका, झाडाला त्याचा उपयोग आहे.

एक मात्र सांगायलाच हवं. ही तुमची फुलांची आणि फळभाज्यांची खिडकी आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिथे झेंडू, पिटुनिया, मिरची, टोमॅटो लावा. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी याच्या उलट करायचं. त्यांचं थेट ऊन आता जाणार, तेव्हा गुलाब-जास्वंद शक्य असेल तर हलवावीत, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत फुलांची अपेक्षा सोडावी.

प्रश्न (बोरिवली): गेल्या वर्षी टोमॅटोची रोपं ऑगस्टमध्ये लावली. ऑक्टोबरभर फुलं आली आणि सगळी गळली. एकही फळ धरलं नाही.

उत्तर: टोमॅटोला फळ धरायला रात्रीचं तापमान १५ ते २१ अंशांच्या दरम्यान लागतं. रात्र २४-२५ ची आणि दिवस ३५ चा असेल तर पराग निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीशी पिवळं पडून सुटतं. खत वाढवून हे थांबत नाही. उलट नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो.

फुलं डिसेंबरच्या मध्यावर यावीत असा हिशोब धरून मागे या. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरा. पंचवीस-तीस दिवसांत रोपाला चार-पाच खरी पानं येतात, तेव्हा ते मोठ्या कुंडीत जातं. आणखी पाच-सहा आठवड्यांत फुलं येतात. कुंडी किमान बारा इंची, एका कुंडीत एकच रोप. लावताना खालची दोन पानं काढून देठ मातीत थोडा खोल गाडा, गाडलेल्या भागालाही मुळं फुटतात. आधाराची काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात.

बोरिवलीतलं तुमचं घर समुद्रापासून आणि दाट वस्तीपासून थोडं आत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असेल तर तुमच्या रात्री कुलाब्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गार असतात, हे तुमच्या पथ्यावर आहे. बंद ग्रिलमध्ये वारा फिरत नसेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांचा घोस टिचकी मारून हलवा. टोमॅटोचं परागीभवन त्याच फुलात होतं, त्याला फक्त हलवणारं कोणीतरी लागतं. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं पडलं तर ती कीड नव्हे. पाणी कधी कमी, कधी भरपूर मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. अंड्याची टरफलं टाकून हंगामात फरक पडत नाही, ती फार सावकाश विरघळतात. पाण्याची वेळ पाळा.

प्रश्न (वरळी): समुद्रासमोरच्या गॅलरीत काहीच टिकत नाही. पानांच्या कडा जळतात.

उत्तर: पाऊस असेपर्यंत पानांवरचं मीठ धुतलं जात होतं, आता ते साचतं. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं वरून-खालून साध्या पाण्याने धुवा आणि महिन्यातून एकदा कुंडीत भोकातून भरपूर पाणी निथळेपर्यंत ओता. बोगनवेल, सदाफुली, अडेनियम, ऑफिस टाइम (पोर्चुलाका) ही मंडळी तिथे टिकतात. पालेभाजीचा हट्ट तिथे नको.

प्रश्न (बदलापूर): गुलाबाची छाटणी कधी आणि किती?

उत्तर: पाऊस पूर्ण थांबून आठवडा झाला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर. ओल्या हवेत कापलं तर फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते.

कातरी स्पिरिटने पुसून घ्या. वाळलेल्या, काड्यांसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी बुडातून काढा. कलमाच्या जोडाखालून फुटलेला जोमदार फुटवा हा खुंटाच्या रानगुलाबाचा असतो. तो ठेवला तर दोन वर्षांत कलमी गुलाब मरतो आणि झाड जिवंत दिसत राहतं, म्हणून तो मुळाशी उपटून काढा. उरलेल्या चार-पाच निरोगी फांद्या एक तृतीयांश ते निम्म्या उंचीपर्यंत कापा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा सेंटिमीटर आणि तिरपा हवा. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळा सुकतो, लांब ठेवलं तर तो तुकडा वाळून कीड आत शिरते. कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात केलेली पेस्ट लावा.

मग बारा इंची कुंडीतली वरची दोन इंच माती काढून तिथे दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड मिसळा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलं येतात. बदलापूर-कर्जतकडे रात्री चांगल्या गार होतात, तुमची फुलं शहरातल्यापेक्षा मोठी आणि गडद येतील.

प्रश्न (मुलुंड): पावसानंतर कुंड्यांतली लाल माती विटेसारखी झाली आहे. पाणी वरच साचतं.

उत्तर: मुंबईच्या नर्सऱ्यांत मिळणारी लाल माती नुसती वापरली की हेच होतं. पावसाच्या माऱ्याने बारीक कण दबतात आणि खत धुऊन जातं. आधी तळाचं भोक काडीने मोकळं करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम भागतं.

माती बदलायची तर चार घमेली मातीला तीन घमेली गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक घमेलं भाताचं तूस असं प्रमाण ठेवा. कोकोपीट भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळूनच घ्या, त्यात क्षार असतात. कुंडी उलटी केल्यावर इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली तर ती हुमणी. ती मुळं खाते, वेचून काढा. बहुधा ती अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. गांडुळं राहू द्या.

काम संध्याकाळी करा आणि झाड पाच-सहा दिवस सावलीत ठेवा. बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर वीस किलोच्या घरात जाते, तेव्हा ग्रिलच्या बाहेरच्या फळीवर तिला कधीच ठेवू नका.

प्रश्न (परळ): शेवंतीचं झाड हिरवंगार आहे, पण नोव्हेंबर आला तरी कळी नाही. शेंडे सप्टेंबरपर्यंत खुडले होते.

उत्तर: खुडणी योग्य वेळी थांबवली आहे. रात्री गॅलरीत रस्त्याचा दिवा पडतो का बघा. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते, आणि मध्येच उजेड मिळाला तर तिच्या दृष्टीने रात्र लांबतच नाही. कुंडी दिव्याच्या आड ठेवा. जागा नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत मोठा खोका उपडा घाला, हवेला खालून फट ठेवून. कळ्या रंग दाखवू लागेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. पॉइन्सेटियालाही हेच लागू आहे.

प्रश्न (लालबाग): राजापूरला गावच्या घरी हापूसची कलमं आहेत. ऑक्टोबरात तांबूस पालवी फुटली आहे. मोहोर येणार ना?

उत्तर: त्या फांद्यांवर येईल, पण उशिरा. पालवी जून व्हायला तीन महिने तरी लागतात, त्यानंतर थंडी मिळाली तर मोहोर. ज्या फांद्यांवर जुनी, गडद पानं आहेत त्या आधी मोहोरतील. मोठ्या कलमांना आता पाणी आणि नत्रखत देऊ नका, त्याने आणखी पालवी फुटते. कल्टार, म्हणजे पालवी रोखून मोहोर आणणारं औषध, जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचं असतं, आता देऊन उपयोग नाही. आतली वाळकी फांदी आणि बांडगूळ काढून झाडात उजेड जाऊ द्या. कोवळ्या पालवीत तुडतुडे आहेत का, हे गावाकडच्या कोणाला तरी आठवड्याला बघायला सांगा. फवारणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसारच करावी, औषध आणि वेळ दोन्ही तिथे ठरवून दिलेली असतात.

प्रश्न (नागपूर): मुंबईहून इथे बदली झाली, झाडं सोबत आणली आहेत. तेच वेळापत्रक पाळू का?

उत्तर: नको. तिथे पालेभाज्या, वाटाणा, फ्लॉवर ऑक्टोबरातच सुरू करा. वाटाणा थेट कुंडीत पेरा, एक इंच खोल. मुंबईत तो कुंडीत जेमतेम येतो, नागपुरात छान येईल. डिसेंबरात रात्री १२ अंशांच्या आसपास जातात, तेव्हा अडेनियमचं पाणी जवळजवळ बंद करा आणि मनी प्लँट घरात घ्या. अडेनियमने पानं गाळली तर घाबरू नका, खोड घट्ट आहे ना एवढंच दाबून बघा.

प्रश्न (गिरगाव): तुळशीचं लग्न झालं की दरवर्षी आमची तुळस वाळते.

उत्तर: वृंदावन रंगवताना तळाचं भोक बुजलं नाही ना, ते आधी तपासा. बुडाशी हळद-कुंकू, दूध आणि तेल पडतं, ते ताटलीत वाहा आणि पणती पानांपासून वीतभर लांब ठेवा. मंजिऱ्या जांभळट असतानाच खुडा, बी धरू दिलं तर झाड दमतं. पानं चुरगळून मागे काळे ठिपके दिसत असतील तर ते बारीक ढेकणासारख्या किडीचं काम आहे. तेवढे शेंडे कापून टाका आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व २ मिली द्रव साबण घालून, आठवड्याच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. त्या दिवसांत पानं खायला घेऊ नका. एक मंजिरी मात्र झाडावरच वाळू द्या आणि तिचं बी ओलसर मातीवर नुसतं पसरा, वर माती टाकू नका. तुळस दोन-तीन वर्षांत खोडाने जून होतेच, तेव्हा जुनीच्या शेजारी नवं रोप तयार असलेलं बरं.