हॅरी ब्रेव्हरमनवर एवढी टीका होऊनही तो आज का वाचला जातो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन मार्क्सवादी लेखक ब्रेव्हरमनचं नाव मुख्यतः 'लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल' या एकाच पुस्तकामुळे घेतलं जातं, त्यातलं बरंचसं नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढलं, मग श्रमाच्या अभ्यासात त्याला टाळून पुढे का जाता येत नाही? मी सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो आणि पुढे अर्थशास्त्र शिकलो. हे पुस्तक मला फार जवळचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते त्याच्या निष्कर्षांपेक्षा त्याने विचारलेला प्रश्न जास्त टिकला. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कारखान्याच्या आत काय चालतं ते तपशिलात लिहून ठेवलं होतं. नंतरच्या मार्क्सवादी अर्थशास्त्राचं लक्ष मात्र बाजार, मक्तेदारी आणि मंदी यांच्याकडे वळलं. १९६६ च्या 'मोनॉपॉली कॅपिटल'मध्ये श्रमप्रक्रियेचा, म्हणजे प्रत्यक्ष काम कसं करून घेतलं जातं याचा विषय बाजूला राहिला, हे त्याचे लेखक बरान आणि स्वीझी यांनी स्वतःच नमूद केलं होतं. ती उणीव १९७४ साली ब्रेव्हरमनच्या 'लेबर अँड मोनॉपॉली कॅपिटल'ने भरून काढली. तो प्राध्यापक नव्हता. ब्रुकलिनच्या नौदल गोदीत तांबटकाम शिकलेला, पोलादाच्या कामावर राबलेला आणि मग प्रकाशनात आलेला माणूस होता. १९७६ मध्ये तो गेलाच, त्यामुळे पुढचा सगळा वाद त्याच्या मागे झाला.

त्याचं म्हणणं असं. मालक मजुराचा वेळ विकत घेतो, पण त्या वेळात काम किती आणि कसं होणार हे मजुराच्या हातात असतं. म्हणून कामाची आखणी मजुराकडून काढून व्यवस्थापनाकडे न्यायची आणि त्याच्याकडे फक्त ठरवून दिलेली हालचाल ठेवायची. 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा पुरस्कार करणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने हे १९११ मध्ये उघडपणे मांडलं होतं. हीच रीत पुढे कचेरीतल्या कारकुनापर्यंत पोचली, असं ब्रेव्हरमनने दाखवलं.

आमच्या चादरीवर हे ताडून बघा. नक्षी एक जण चौकटीच्या कागदावर उतरवतो, दुसरा त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो. त्या कार्डांची माळ मागावरच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर फिरते आणि धोट्याच्या दर फेकीला कुठले उभे धागे उचलायचे ते ठरवते. मागापाशी उभा असलेला कामगार तुटलेला धागा सांधतो, कांडी बदलतो, माग बंद पडू देत नाही. नक्षीत त्याला काही विचारलं जात नाही. पण आवाजातल्या फरकावरून मागाचा बिघाड ओळखणारे कामगार मी पाहिले आहेत. ते कसब कुठल्या कार्डावर उतरलेलं नाही.

टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. अँड्र्यू फ्रीडमनने १९७७ मध्ये दाखवलं की मालक कधीकधी मुद्दाम कामगाराला मोकळीक देऊन काम काढून घेतो. मायकेल बुरावॉय शिकागोकडच्या इंजिनच्या कारखान्यात स्वतः मशीनवर राबला आणि १९७९ च्या पुस्तकात त्याने विचारलं, कामगार आपण होऊन इतकं झटून काम का करतात? कामगारांच्या जाणिवेचा विचार आपण हेतुतः बाजूला ठेवतोय, हे ब्रेव्हरमनने सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी ही बाजू लंगडी आहे, हे मला मान्य आहे. त्याच्याशी भांडता भांडताच श्रमप्रक्रियेच्या अभ्यासाची एक शाखा उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९८३ पासून त्यावर परिषदा भरू लागल्या.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती स्त्रीवादी अभ्यासकांची टीका, कारण ती माझ्या गल्लीला लागू पडते. आमच्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात. तेंदूपान भिजवून मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याने बांधायचं. कौशल्य अजून सगळं बोटांतच आहे, आणि घरात मुकादमही उभा नसतो. तरी मजुरी तुटपुंजी. इथे नियंत्रण चालतं ते हजार विड्यांमागच्या दरातून, मोजून दिलेल्या पान-तंबाखूतून आणि छाटीतून, म्हणजे खराब ठरवून विड्या नाकारण्यातून. पान कमी पडलं तर बाई पदरचे पैसे घालते आणि छाटीत गेलेल्या विडीची मजुरी बुडते. १९६६ च्या विडी कामगार कायद्याखालच्या नियमांत छाटीच्या प्रमाणावर मर्यादा घालावी लागली, ती उगाच नाही. काम सोपं केलं म्हणून मजुरी पडली, हा हिशोब इथे जुळत नाही. बाईचं, घरात शिकलेलं काम कसब म्हणून धरलंच जात नाही. अॅन फिलिप्स आणि बार्बरा टेलर यांनी १९८० मध्ये हाच मुद्दा मांडला.

पण कसब कोण ठरवतं, ही शंका ब्रेव्हरमननेही घेतली होती. अमेरिकेच्या जनगणनेत यंत्रावर काम करणारे सरसकट 'अर्धकुशल' ठरले. घोडागाडी हाकणारा अकुशल आणि मोटार चालवणारा अर्धकुशल. अशी नुसती वर्गवारी बदलून देशाचं कौशल्य कागदावर वाढलं, हे त्याने उघड केलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण याच विषयावर आहे आणि ते स्वतंत्रपणे वाचता येतं. तुम्ही तिथूनच सुरुवात करा, मग टेलरवरचं चौथं प्रकरण घ्या, त्यानंतर कारकुनांवरचं पंधरावं. बुरावॉय त्यानंतर वाचा.