मुलीला शाळेत चालत पाठवू का?

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगी चौथीत आहे, नऊ पूर्ण. शाळा घरापासून सव्वा किलोमीटर. कॉलनीतल्या सगळ्या मुलांना आईवडील कारने नाहीतर स्कूटरवरून सोडतात, मीही सोडते. आता ती "मी चालत जाणार" म्हणून हट्ट धरून बसलीय. सासूबाई म्हणतात, उसाच्या ट्रॅक्टरांतून एवढीशी पोर कशी जाईल? मागच्या आठवड्यात आम्ही दोघी चालत निघालो, तर शेजारणीनं विचारलं, "गाडी बिघडली का?" आणि शाळेच्या फाटकापाशीच मागे येणारी एक कार लेकीला लागता लागता राहिली. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : पाठवा. एकटीला नको आणि उद्यापासूनही नको, पण पाठवा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीय. कार लागता लागता राहिली ती मोठ्या रस्त्यावर नव्हे, शाळेच्या फाटकाशी. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा सकाळी फाटकावर उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. शाळा भरायच्या आधीची दहा मिनिटं हीच दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ. एक कार वळवून घेतेय, दुसरी मागे येतेय, मधूनच स्कूटर घुसतेय आणि या सगळ्यात जेमतेम चार फुटांची मुलं. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला ती दिसतही नाहीत. ही गर्दी आपणच करतो, आपापलं लेकरू सुखरूप पोचावं म्हणून. गाड्या वाढल्या की चालणाऱ्या मुलांच्या आईला धसका बसतो, मग तीही गाडी काढते. अमेरिकेत हे आपल्या आधी घडून गेलंय. तिथे १९६९ साली पाच ते चौदा वर्षांची ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची, २००९ मध्ये १३ टक्के उरली. आपल्या विश्रामबागेची वाट तिकडेच चाललीय, याचं मला फार वाईट वाटतं.

सासूबाईंची भीती खोटी नाही. नऊ वर्षांच्या मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगानं येतेय याचा अंदाज नीट येत नाही. तो यायला आणखी काही वर्षं जावी लागतात. म्हणून सांगली-मिरज रस्ता किंवा शंभर फुटी यांसारखा मोठा रस्ता मध्ये येत असेल, तर तो ओलांडताना मोठं माणूस बरोबर हवंच. यात तडजोड नको. कॉलनीतले आतले रस्ते मात्र तिला पुढे होऊन चालू द्या, तुम्ही चार पावलं मागे राहा. कुठे थांबायचं ते तिलाच ठरवू द्या. चुकली तर तिथेच थांबवून सांगा, घरी गेल्यावर नको.

तिला दोन-तीन गोष्टी पक्क्या शिकवा. लावलेल्या दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडू नये. ओलांडावाच लागला, तर गाडीच्या बाहेरच्या कडेशी थांबून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघावं. उभ्या गाडीच्या मागून जाण्याआधी आत कुणी बसलंय का, मागचा पांढरा दिवा लागलाय का, हे पाहावं.

आणि ऊस. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शहराच्या कडेनं, कधी मधूनही जातात. ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळतो तेव्हा मागची ट्रॉली त्याच्या चाकांच्या मागोमाग येत नाही, आतल्या बाजूला कापत येते. कोपऱ्याच्या टोकाला उभं राहिलेलं मूल ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून निर्धास्त होतं आणि ट्रॉली अंगावर येते. म्हणून ट्रॅक्टर दिसला की कोपऱ्यापासून चांगलं मागे सरायचं आणि शेवटची ट्रॉली जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही, हे तर पहिल्याच दिवशी बजावा. शहाणीसुरती मुलं इथे मोह आवरू शकत नाहीत, हे मी पाहिलंय. पावसात रस्त्यावर पाणी साठलं की उघडं चेंबर दिसत नाही. त्या दिवशी हात धरून न्या.

आता सोबत. तुमच्या कॉलनीत त्याच शाळेची तीन-चार मुलं सहज निघतील. त्यांची एक छोटी दिंडी करा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर जमायचं आणि आळीपाळीनं एका पालकानं बरोबर जायचं. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं अशीच घोळक्यानं जातात, पुढे वरच्या वर्गातलं मूल असतं. दुपारी परतताना सासूबाईंना बरोबर येता येईल का, विचारून बघा. ज्या रस्त्याची त्यांना काळजी वाटते, तो त्यांनी नातीबरोबर चालून बघितलेला बरा. गाडी बिघडली का विचारणाऱ्या शेजारीणबाईंना, "नाही हो, उद्या तुमच्या बाळालाही पाठवा आमच्याबरोबर" असं मनापासून सांगा.

दप्तराचं वजन मात्र बघा. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं, असं २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटलंय. लेक २८ किलोची असेल, तर दप्तर पावणेतीन किलोच्या वर जाऊ नये. पुष्कळ आया निव्वळ दप्तरासाठी गाडी काढतात. वेळेची अडचण आता कमी झालीय. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, त्यामुळे थंडीत अंधारात निघावं लागत नाही. पण तीच वेळ नोकरदारांच्या गर्दीची असते, म्हणून पंधरा मिनिटं आधी निघा.

सव्वा किलोमीटर तिला झेपेल का, ही शंका मनात आणू नका. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आपल्या राज्याचे २०११ चे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. त्यात मुलांचे पायच गृहीत धरलेत, असं मी मानते. चालत आलेली मुलं मी फाटकावर रोज पाहायची. मुठीत बकुळीची फुलं, खिशात चिंचा, आणि कुणाच्या गोठ्यात वासरू झालं याची बातमी. वर्गात बसताना ती पूर्ण जागी असायची. कधीच न चाललेलं मूल आठवीत गेलं की स्कूटी मागतं आणि आईवडील देतातही. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो, हे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे.

फाटकाचा प्रश्न शाळेत मांडा. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापकांबरोबर पालक आणि वाहतूक पोलीसही तिच्यात असतात. तिथे एवढंच मागा की कार आणि स्कूटर फाटकापासून दीड-दोनशे मीटर अलीकडे थांबाव्यात, मुलांनी पुढचं अंतर चालावं. याला खर्च काही नाही.

रस्त्याकडेच्या पदपथाचं काम महापालिकेचं. अडथळ्याविना पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. शाळेच्या वाटेवर कुठे पदपथ नाही, कुठे त्यावर गाड्या लावल्यात, कुठे झाकण फुटलंय, याचे फोटो काढून, जागा नेमकी लिहून, दहा-पंधरा पालकांच्या सह्यांनिशी आयुक्तांच्या नावे अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.