वाचक विचारतात : आय-लीगचा चषक आणि पिवळ्या कार्डांची वही

प्रश्न (मडगाव) : २०२४-२५ची आय-लीग, म्हणजे देशातली दुसऱ्या श्रेणीची फुटबॉल लीग, संपली तेव्हा आमचे चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिले होते, इंटर काशी ३९ वर. चषकही चर्चिलच्या हाती आला. आता विजेता म्हणून काशीचे नाव छापून येते. चर्चिलला हरवले तरी कुणी?

उत्तर : मैदानावर कुणीच नाही. निकाल फिरला तो १३ जानेवारी २०२५च्या एका सामन्यामुळे, आणि त्या सामन्यात चर्चिल नव्हतेच.

त्या दिवशी पंजाबच्या नामधारीने काशीला २-० हरवले. नामधारीने उतरवलेला ब्राझीलचा क्लेडसन वेगवेगळ्या सामन्यांत साठलेल्या पिवळ्या (ताकिदीच्या) कार्डांमुळे निलंबित होता, अशी काशीची तक्रार होती. अपात्र खेळाडू खेळवला की शिक्षा ठरलेली असते : सामना ३-० ने प्रतिस्पर्ध्याला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने तसाच निर्णय दिला. अपील समितीने त्याला आधी स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये तो फिरवलाही. त्या आधारावर चर्चिल विजेते ठरले. काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील क्रीडा लवादाकडे गेले. दरम्यान दुसरा वाद उभा राहिला. काशीने एक विदेशी खेळाडू, मारिओ बार्को, हंगामात आधी बदलला होता आणि पुढे पुन्हा नोंदवला. ही फेरनोंदणी नियमात बसत नाही, अशी तक्रार इतर क्लबांनी केली. ती टिकली असती तर काशीचेच गुण कापले गेले असते. लवादाने दोन्ही मुद्द्यांवर काशीची बाजू उचलून धरली आणि १८ जुलै २०२५ रोजी काशीला विजेता घोषित करण्याचा आदेश महासंघाला दिला.

आता हिशेब. ०-२ चा निकाल ३-० झाला की काशीला ३ गुण मिळतात, म्हणजे ३९ चे ४२. गोलफरकातही पाचाची उडी : उणे दोनवरून अधिक तीन. नामधारीचे ३ गुण जातात आणि गोलफरक पाचाने घसरतो. चर्चिलच्या खात्यात एक अक्षरही बदलत नाही. तुम्हाला हे टोचते ते म्हणूनच. पण दोष काशीचा नाही आणि चर्चिलचाही नाही. जानेवारीतल्या सामन्याचा निकाल जुलैपर्यंत लटकत ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. चषक द्यायची घाई करण्याची तर अजिबात गरज नव्हती.

प्रश्न (कोल्हापूर) : मी एका तालमीच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक आहे. वरच्या पातळीवर, पगारी माणसे असताना, कार्डांची मोजणी चुकते कशी? आमच्याकडे हे टाळायचे तर नेमके काय करायचे?

उत्तर : बेरीज सहसा चुकत नाही. चुकतो तो ‘पुढचा सामना’ या दोन शब्दांचा अर्थ. निलंबन लागू होते ते प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या पुढच्या सामन्याला, छापील वेळापत्रकातल्या पुढच्या ओळीला नव्हे. पावसाने किंवा बंदोबस्ताअभावी सामना पुढे ढकलला गेला, की व्यवस्थापक समजतो ‘तो सामना बाहेर बसला, झाले’. तो सामना झालेलाच नसतो, निलंबन शिल्लकच राहते.

दुसरी गल्लत लाल कार्डात होते. एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झाले, तर फिफाच्या शिस्तसंहितेप्रमाणे ती दोन पिवळी साठ्यात धरत नाहीत. पण एक पिवळे मिळाल्यावर पुढे थेट लाल दाखवले, तर ते पिवळे साठ्यात राहते. शंभर पानांची वही करा, प्रत्येक खेळाडूला एक पान. रकाने सहा : तारीख, प्रतिस्पर्धी, कितव्या मिनिटाला, कार्डाचा प्रकार, एकूण साठा, निलंबन कोणत्या सामन्यात भोगले. शेवटचा रकाना तो सामना पूर्ण झाल्यावरच भरायचा, आधी नाही.

सामना संपल्यावर पंचांच्या अहवालाशी नोंद ताडून घ्या. गोंधळात पंच चुकीचा क्रमांक लिहितात, आणि अधिकृत धरला जातो तो अहवाल, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले नव्हे. चूक दिसली तर त्याच संध्याकाळी लेखी कळवा. तक्रारीची मुदत तुमच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात असते, ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. साठा किती कार्डांवर भरतो, बाद फेरीत तो पुसला जातो का, हेही तिथेच.

शंका असेल तर आयोजकांना दोन दिवस आधी पत्र द्या आणि उत्तर लेखीच घ्या. ‘खेळवा हो, काही होत नाही’ असे फोनवर सांगणारा चौकशीच्या दिवशी सापडत नाही. लेखी उत्तर आले नाही तर त्या खेळाडूला बसवा. कितीही मोठा स्ट्रायकर असला तरी तो एका सामन्यात तीन गुणांपेक्षा जास्त मिळवून देत नाही.

सामन्याच्या खेळाडू-यादीवर सही करणारा आणि वही ठेवणारा ही दोन वेगळी माणसे हवीत. प्रशिक्षकाच्या हाती वही देऊ नका. त्याला तो खेळाडू हवाच असतो.

प्रश्न (नाशिक) : शेवटच्या फेरीत कोण जिंकू शकते हे घरी बसून कसे काढायचे? आणि गुण सारखे झाले तर?

उत्तर : हाती असलेल्या गुणांत उरलेल्या सामन्यांची तिप्पट मिळवा, प्रत्येक संघाची कमाल मिळते. आघाडीच्या संघाचे आजचे गुण ज्याच्या कमालीपेक्षा जास्त, तो शर्यतीतून बाद.

६ एप्रिल २०२५ची सकाळ घ्या. बारा संघ, प्रत्येकी २२ सामने, प्रत्येकाचा एक बाकी. चर्चिल ३९, गोकुलम केरळ ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी प्रत्येकी ३६. कमाल अनुक्रमे ४२, ४०, ३९, ३९. म्हणजे चौघेही जिवंत. चर्चिलने श्रीनगरला रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी केली आणि ते ४० वर पोचले. गोकुलम जिंकले असते तर तेही ४०. पण त्यांना डेम्पोने ४-३ असे हरवले. गोव्याचा जुना प्रतिस्पर्धी चर्चिलच्या असा कामी आला, हे मडगावच्या वाचकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. काशीने राजस्थान युनायटेडला हरवून ३९ केले.

पण वादातले तीन गुण धरले, तर त्या सकाळी काशी ३६ नव्हे, ३९ वर, चर्चिलच्या बरोबरीने होते. असा निकाल प्रलंबित असताना घरीही दोन तक्ते मांडा, एक वादाचे गुण धरून आणि एक सोडून.

गुण सारखे झाल्यास इंग्लंडमध्ये गोलफरक आधी बघतात. आय-लीगमध्ये आधी बघतात ते त्या दोघांचे आपसातले सामने. २०२०-२१ मध्ये, ही लीग अजून वरच्या श्रेणीत असताना, गोकुलम आणि चर्चिल दोघेही २९ गुणांवर थांबले, आणि आपसातल्या निकालांवर चषक गोकुलमला गेला.

प्रश्न (मुंबई) : दुसऱ्या श्रेणीत महाराष्ट्राचा संघ का दिसत नाही?

उत्तर : अलीकडचा म्हणजे मुंबईचा केंकरे एफसी. २०२२-२३ मध्ये तो कूपरेजवर खेळला आणि खाली गेला. त्याच हंगामापासून इंडियन सुपर लीग (आयएसएल) पहिली आणि आय-लीग दुसरी श्रेणी झाली. पंजाब एफसी जिंकून वर गेले, पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग. वर जाणाऱ्या क्लबाला फ्रँचायझी शुल्क नाही, पण परवान्याच्या अटी आहेत : मैदान, युवा संघ, पात्र प्रशिक्षक, कायदेशीर कागदपत्रे, तपासलेले हिशेब.

खालून यायचे तर राज्य लीग, मग आय-लीग ३, मग आय-लीग २ अशी शिडी आहे. काशी आणि नामधारी या शिडीने आले नाहीत. २०२३ मध्ये महासंघाने बोली मागवल्या, त्यातून ते थेट आय-लीगमध्ये शिरले. महाराष्ट्रातल्या क्लबांचे गाडे बहुधा मैदानापाशी अडते. स्वतःचे नाही, आणि भाड्याचे हंगामभर हमखास मिळत नाही.