दोन्ही नळ्या ब्लॉक, तीन सायकलचं पॅकेज आणि सासूबाईंची ठेव

कराडहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३३, लग्नाला सहा वर्षं झाली. एचएसजीमध्ये, म्हणजे नळ्यांत डाय (रंगद्रव) सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये, दोन्ही गर्भनलिका बंद निघाल्या: उजवीत पाणी साठलंय, डावी गर्भाशयापाशीच अडलेली. एएमएच (अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २.१, नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल. ताई पतसंस्थेत आहेत, नवरा एमआयडीसीत. दोघांचे मिळून हातात ७५ हजार येतात. घराचा हप्ता १९,४००. एफडी २ लाख ८० हजार, म्युच्युअल फंडात २ लाख ६० हजार, सोनं नऊ तोळे, महिना ५ हजारांची भिशी. पुण्यातल्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरने तीन सायकलचं, म्हणजे तीन प्रयत्नांचं, ४ लाख २५ हजारांचं पॅकेज सांगितलंय, २४ बिनव्याजी हप्त्यांत, ऑफर महिनाअखेरपर्यंत. दुसऱ्या एका डॉक्टरांनी आधी लॅप्रोस्कोपी (पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीतून तपासणी आणि ऑपरेशन) करा म्हटलंय. सासूबाई आपली ५ लाखांची ठेव मोडायला तयार आहेत. ताईंचा प्रश्न असा: हप्त्यावर पॅकेज घ्यावं, ठेव मोडावी, की आधी लॅप्रोस्कोपी करावी?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. या महिन्यात पॅकेज घेऊ नका. सासूबाईंच्या ठेवीला हात लावू नका. पहिला पैसा लॅप्रोस्कोपीवर जाऊ दे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच पक्कं करा. पण तुमच्या रिपोर्टमध्ये पैशाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजव्या नळीत साठलेलं पाणी, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, गर्भाशयात झिरपत राहतं आणि आयव्हीएफ यशस्वी होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणून अशी नळी आधी काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात. ते न करता सायकल सुरू केली तर दोन-सव्वादोन लाख अर्ध्या शक्यतेवर लावल्यासारखं होईल. डावीचं प्रकरण निराळं आहे. गर्भाशयापाशीच अडलेली नळी कधीकधी खरोखर बंद नसते. डाय सोडताना स्नायू आकसला तरी फोटोत ती बंद दिसते. दुर्बिणीतून बघताना पुन्हा डाय सोडला की खरं काय ते कळतं. ती उघडी निघाली तर काही महिने नैसर्गिक प्रयत्न किंवा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) करता येईल आणि आयव्हीएफचा खर्च कदाचित लागणारच नाही. दोन्ही बंदच असतील तर आययूआयवर एक रुपयाही घालू नका. बीज आणि शुक्राणू भेटायची वाटच नाही तिथे.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारायलाच हवी: टीबी. आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे नेहमी सापडणारं कारण आहे, आणि त्याला खोकला वगैरे काही लागत नाही. लॅप्रोस्कोपीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. टीबी निघाला तर निदान सहा महिन्यांचा कोर्स असतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या काळात आयव्हीएफ थांबवावं लागेल. पॅकेजचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातच राहील.

आता तो हप्ता बघू. ४ लाख २५ हजार भागिले २४, म्हणजे महिन्याला साधारण १७,७००. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत घराचा हप्ता, २८ हजार घरखर्च, एसआयपी आणि भिशीचे पाच-पाच हजार आणि एलआयसीचे महिन्याला दोन हजार धरले, तर हातात १५,६०० उरतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात दोन हजारांची तूट. त्यात इंजेक्शनं पॅकेजबाहेर आहेत, आणि डोसप्रमाणे ती एका सायकलला ५० ते ८० हजारांपर्यंत जातात. ‘बिनव्याजी’ हेही तपासा. रोख भरले तर हेच पॅकेज ३ लाख ९० हजारांना मिळतं असं तुम्हीच लिहिलंय. मग हे ३५ हजार कसले? व्याजच की.

कोटेशनच्या कागदावर ‘तीन सायकल’ लिहिलंय. त्याचा अर्थ लेखी मागा. तीनदा अंडी काढणार, की एकदाच काढून तीनदा एम्ब्रियो ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, करणार? दोन्हींना सायकल म्हणतात आणि दोन्हींच्या खर्चात फार अंतर आहे. एकदा अंडी काढून चांगले चार-पाच भ्रूण झाले, तर उरलेले गोठवून ठेवतात. पुढच्या फ्रोजन ट्रान्सफरला सगळं धरून साठ-सत्तर हजारांत भागतं. म्हणजे ज्यांना तीन पूर्ण सायकल लागणारच नाहीत, त्यांनीही त्यांचे पैसे आधीच भरून ठेवायचे, असा हा हिशेब. पॅकेजमध्ये ‘पैसे परत’ असं कलम असेल तर त्याखालच्या अटी वाचा: औषधं वगळून, सगळे भ्रूण वापरून झाल्यावर, ठरावीक वयाच्या आत. आणि मध्येच गर्भ राहून पडला तर ती सायकल यशस्वी मोजणार का, हा प्रश्न काउन्सेलरला अवघड वाटला तरी विचाराच.

एवढं सगळं वाचून आयव्हीएफवरच विश्वास उडायला नको. ही पद्धत मुळात तुमच्याच अडचणीतून जन्माला आली: १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली, तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने हेच करून दाखवलं, त्यालाही आता जमाना झाला. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या आकड्यांनुसार पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. उमेद धरावी इतका आकडा चांगला आहे, पण पहिल्याच वेळी जमेल असं धरून पैसे मांडावेत इतका नाही.

म्हणून मांडणी दोन प्रयत्नांची करू. एफडीतले दीड लाख बाजूला. ती घरची अडीनडीची रक्कम, तिचं नाव काढायचं नाही. उरले १ लाख ३० हजार, अधिक फंडातले २ लाख ६० हजार. इक्विटी फंडातला नफा वर्षाला सव्वा लाखाच्या आत असेल आणि युनिट वर्षापेक्षा जुने असतील तर त्यावर कर लागत नाही. ताज्या युनिटवर एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) लागेल, ते शेवटी काढा. एसआयपी आजपासून थांबवा. त्या पाच हजारांसकट महिन्याला वीसेक हजार बाजूला पडतील, पाच महिन्यांत लाखभर. लॅप्रोस्कोपी त्यातून. खाजगीत ती लाखाच्या आगेमागे जाते. जिल्ह्याच्या सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात बरीच कमी, तिथेही एकदा चौकशी करून या. वय ३३ आणि एएमएच २.१ असताना चार-पाच महिने जाण्याने फारसं बिघडत नाही. तुम्ही ३८ वर्षांच्या असतात, तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

पुढे एक पूर्ण सायकल औषधं आणि कराड-पुणे फेऱ्या धरून २ लाख ३० हजार, आणि एक फ्रोजन ट्रान्सफर ७० हजार. इथपर्यंत कर्ज लागत नाही. दुसऱ्यांदा अंडी काढायची वेळ आली तर भिशीचा नंबर त्या महिन्यात मागून घ्या, ६० हजार येतील. उरलेल्या लाखभरासाठी तीन-चार तोळ्यांवर सोनेतारण करा. दागिने विकू नका. पर्सनल लोन तर नकोच: ४ लाख, १४ टक्के, तीन वर्षं, यात व्याजच ९२ हजारांवर जातं.

लॅप्रोस्कोपी धरून एकूण साडेसहा लाख, ही तुमची मर्यादा. आज, दोघांनी मिळून, वहीत लिहा. तिसऱ्या वेळी ‘जमलं नाही’ असा सेंटरचा फोन येतो तेव्हा ‘इतके घातले, आता आणखी एकदा’ असं वाटतं, आणि तिथूनच सासूबाईंच्या ठेवीकडे नजर जाते. त्या ठेवीच्या व्याजावर त्यांची औषधं चालतात, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना नकार देताना वाईट वाटेल, पण द्या.

विम्याचं थोडक्यात. बहुतेक पॉलिसींमध्ये वंध्यत्वाचे उपचार, आयव्हीएफ आणि इक्सी (एकच शुक्राणू बीजात टोचणं) यांच्यासकट, प्रमाणित वगळणी क्रमांक १७ खाली बाहेरच असतात. उजव्या नळीच्या ऑपरेशनसाठी पूर्वमंजुरी मागायला हरकत नाही. कागद मात्र खरे तेच जोडा, डॉक्टरांना निदान बदलून लिहायला सांगू नका. पैसे मिळालेच असं धरू नका. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाला किती मिळतात आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का, हे एचआरकडून लेखी घ्या. आयकरात या खर्चाला सूट नाही.

एक गोष्ट लोक हिशेबात धरतच नाहीत. ‘एकदमच दोन होऊन जाऊ देत, खर्च वाचेल’ म्हणून दोन भ्रूण सोडायचा आग्रह घरातून होतो. जुळी बरेचदा वेळेआधी येतात, आणि एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल रोजच्या हजारांत, तेही दोन बाळांचं. एकच भ्रूण सोडता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

या आठवड्यात एवढंच करा: सेंटरला सांगा, लॅप्रोस्कोपीचा रिपोर्ट आल्यावर बोलू, आणि तोवर एका सायकलचं सुटं कोटेशन द्या, औषधं, इक्सी, गोठवणं आणि गोठवलेले भ्रूण ठेवण्याचं वर्षाचं भाडं वेगवेगळं लिहून. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालचा त्यांचा नोंदणी क्रमांकही त्यावर हवा. टोकन म्हणून २५ हजार मागत असतील, तर भरू नका.