प्रश्न तुमचे : न शिजणारी डाळ, न गारवणारा माठ आणि शेततळ्यातले मासे

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनीही गळत नाही. साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल सारखी जळते. पाण्यात तुरटी फिरवली तर उपयोग होईल का?
– एक वाचक, जालना जिल्हा

तुरटीचा इथे उपयोग नाही. तुरटीने मातीचे तरंगणारे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात, म्हणजे फक्त गढूळपणा जातो. तुमच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र पूर्ण विरघळलेले आहे. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन असते, त्यामुळे हे रेणू क्षारांच्या कणांना चहूबाजूंनी घेरून सुटे ठेवतात. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि बेसाल्टच्या भेगांतून झिरपताना हे क्षार उचलते.

डाळीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना जोडलेल्या असतात. शिजताना पेक्टिन विरघळले की डाळ गळते. अशा जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातले कॅल्शियम त्याच पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, म्हणून शिट्ट्या वाढवून गॅसच जास्त जळतो. डाळ भिजवायला आणि शिजवायला साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरा. वाटीभर डाळीला तीन वाट्या पुरतात. ते नसेल तर बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळा, निवू द्या आणि तळाचा पांढरा साका न ढवळता वरचे पाणी ओतून घ्या. उकळल्यावर साका बसला नाही आणि साबणाला फेसही येत नसेल, तर क्षार सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात आहेत आणि ते उकळून जाणार नाहीत.

खाण्याचा सोडा घालायचाच तर वाटीभर डाळीला चिमूटभर. जास्त झाला तर ब जीवनसत्त्वातले थायमिन नष्ट होते आणि चवही बिघडते. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ गळल्यावरच घाला, कारण आंबट पाण्यात पेक्टिन लवकर सुटत नाही. मिठाला मात्र उगाच दोष दिला जातो. भिजवणीच्या पाण्यात थोडे मीठ असले तर कडधान्य उलट लवकर मऊ होते. आणि डाळच वर्ष-दोन वर्षे जुनी असेल, तर पाणी बदलूनही पुरते जमणार नाही.

गिझरमध्ये पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि ते कॉइलवर थर धरते. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि जळते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. ६० च्या वर थर फार झपाट्याने चढतो. वर्षातून एकदा मेन स्विच बंद करून, टाकी रिकामी करून कॉइल काढून घ्या आणि लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून बुडबुडे थांबेपर्यंत त्यात बुडवून ठेवा. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नका, ते कॉइलचे आवरण खाते. त्याच वेळी ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी सळई) पाहा. झिजून तार उरली असेल तर बदला.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची (जडपणाची) स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतेच, त्यामुळे नुसत्या जडपणाला घाबरू नका. बोअरच्या पाण्यात खरी काळजी फ्लोराइड आणि नायट्रेटची करायला हवी. हातातला टीडीएस मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतो, या दोघांविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या.

नागपूरला माहेरी माठातले पाणी भर मे महिन्यात गारेगार असते. तसाच माठ रत्नागिरीला आणला, तर पाणी जेमतेम थंड होते. माठ खराब निघाला का?
– एक वाचिका, रत्नागिरी

माठ चांगला असेल, हवा दमट आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ते तोडून वाफ व्हायला एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि झिरपून बाहेर आलेले पाणी ती माठातूनच घेते. दहा लिटरांच्या माठातून १०० मिलिलिटर पाणी उडाले, तर बाकीचे जवळजवळ सहा अंशांनी उतरू शकते. बाहेरून माठ तापत राहतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी.

याला हवेची सीमा आहे. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने पाणी फार तर २३ अंशांच्या आसपास उतरते. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ही सीमा २८ अंश आहे. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत, ओल्या वाळूवर ठेवा. कोपऱ्यात कोंडू नका. बाहेरून रंग किंवा तेल लावलेला माठ घेऊ नका, छिद्रे बुजतात. साबण न लावता काथ्याने घासा. जड पाण्याने बाहेर पांढरी पुटे आली असतील, तर पातळ व्हिनेगरने पुसून दोन-तीनदा स्वच्छ धुवा.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात, मग तलाव का गोठत नाही?
– इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, सातारा

निरभ्र रात्री गवताची पाती आणि जीपचे टप आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून त्यांच्यावरचे दव गोठते. तलावाचे तसे नाही. एक किलो पाणी एका अंशाने निवताना ४.२ किलोज्यूल उष्णता बाहेर सोडते, शिवाय वरचे पाणी थंड झाले की जड होऊन खाली जाते. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते; सगळा तलाव तिथवर उतरल्याशिवाय वर बर्फ धरणे अवघड. बर्फात रेणूंची मांडणी पोकळ असल्याने तो नऊ टक्के जास्त जागा घेतो आणि तरंगतो. काश्मीरचे डल सरोवर वरून गोठले तरी खाली मासे जगतात ते यामुळेच.

वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या पहाटे शेततळ्यातले रोहू-कटला वर येऊन तोंडे उघडू लागले, बरेच मेले. कोणी विष कालवले असेल का?
– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

लक्षणे प्राणवायू संपल्याची आहेत. अशा वेळी मोठे मासे आधी मरतात, वेळ पहाटेची असते आणि ऊन वर आल्यावर उरलेले सावरतात. विष असेल तर लहान पिल्ले, बेडूक, किडेही मरतात आणि त्याला वेळकाळ नसतो.

२० अंशांच्या पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ च. उन्हाळ्यात तळ्याचे वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार पाण्यावर थर धरून राहते. एक घनमीटर पाणी २५ अंशांना सुमारे ९९७ किलो, ३० अंशांना ९९५.७ किलो भरते. थर वेगळे राहायला एवढा फरक पुरतो. तळाशी उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून तिथला प्राणवायू संपतो, हायड्रोजन सल्फाइड साठते. पावसाने वरचे पाणी एकदम गार होऊन खाली जाते आणि तळाचे निकृष्ट पाणी वर येते. त्यात ढगाळ हवेमुळे शेवाळाने दिवसा पुरेसा प्राणवायू सोडलेला नसतो, रात्री मात्र तेही श्वास घेते.

मासे वर दिसताच वरच्या थरातले पाणी पंपाने उचलून तुषारसंचाने तळ्यावर फवारा. पाइप तळाला टाकू नका. मेलेले मासे लगेच काढून पुरा. दोन दिवस खाद्य बंद, शेण-युरिया पूर्ण बंद.

पुढच्या वेळेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार माजले आहे, खाद्य कमी करून थोडे पाणी बदला. प्राणवायूची तपासणी सूर्योदयापूर्वी करा, दुपारचा आकडा फसवा असतो. ५ मिलिग्रॅमच्या वर चांगले, ३ च्या खाली गेले तर एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लगेच. ढगाळ दिवसांत तो मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. प्लास्टिक अस्तराच्या खोल तळ्यात बरेच दिवस पाणी हललेले नसेल, तर एअरेटर पहिल्यांदा पूर्ण जोराने लावू नका, तळाचा गाळ तोच वर आणेल. आधी पाइपने तळाचे थोडे पाणी उपसून शेताला द्या.