आधी त्या अठ्ठावीस ओळी भरा

प्रश्न: माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तिला दोन विषयांत केटी लागली. दोन वर्षांपासून ती वन्यजीवप्रेमींचा एक ऑनलाइन ग्रुप चालवते. त्यात साडेतीन हजार लोक आहेत आणि आफ्रिकेतल्या जंगलांत काम करणाऱ्या संस्थांसाठी ते पैसे जमवतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती त्यातच असते. एखादा व्हिडिओ गाजला तर एका दिवसात पैसा जमतो, मग रोज रोज लिहीत बसायचं कशाला, असं मी तिला कितीदा सांगितलं. निकालानंतर मी तिचा फोन काढून घेतला आणि तिच्याच खात्यावरून 'ग्रुप बंद करण्यात येत आहे, कृपया मेसेज करू नयेत' असं लिहून टाकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी स्वतः आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली, मला पैशाची किंमत कळते. शिकल्यासवरलेल्या मुलीनं लोकांपुढे हात पसरावेत हे मला पटत नाही. तिचं मन यातून कसं काढू? आणि यात करिअर असेलच, तर पगार किती मिळतो? तिच्या हिशेबाच्या तक्त्याचा फोटो जोडतो आहे, म्हणजे ती यात किती वेळ घालवते ते तुम्हाला कळेल.

उत्तर: नमस्कार. दोन केटींची मला काळजी वाटली नाही. दुसऱ्या वर्षात विषय राहिलेली कितीतरी मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत. नीट अभ्यास केला की ते विषय सुटतात. मला काळजी वाटली ती तुम्ही जोडलेला फोटो पाहून.

त्या तक्त्यात पाच रकाने आहेत: तारीख, नाव, रक्कम, पुढे पाठवली, पावती क्रमांक. वरच्या सगळ्या ओळी पाचही रकान्यांत भरलेल्या आहेत. शेवटच्या ओळींत मात्र पहिले तीन रकाने भरलेले आणि पुढचे दोन कोरे. मी मोजल्या, अठ्ठावीस ओळी आहेत. वर मथळा आहे, 'फासे काढणारं पथक', म्हणजे शिकाऱ्यांनी जंगलात लावलेले तारेचे फासे शोधून काढणारी माणसं. म्हणजे अठ्ठावीस माणसांनी या कामासाठी तुमच्या मुलीकडे पैसे दिले आणि ते संस्थेकडे जायच्या आत तुम्ही फोन काढून घेतलात. मग त्या अठ्ठावीस जणांना तिच्याच नावानं निरोप गेला की ग्रुप बंद, मेसेज करू नका.

आता सांगा, त्यांना काय वाटलं असेल? पोरगी पैसे घेऊन पसार झाली, दुसरं काय वाटणार!

तुम्ही तिचा अभ्यास सावरायला गेलात आणि तिच्या नावाला बट्टा लावून बसलात. तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला पत्रावरून दिसतं. पण दोन वर्षं एकेक पावती दाखवून तिनं जो विश्वास मिळवला होता, तो एका ओळीनं गेला, आणि ती ओळ तिनं लिहिलेलीच नव्हती. ती तुमच्याशी बोलत नाही याचं कारण फोन असेल असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तिच्या नावानं तुम्ही बोललात, हे तिला लागलं असणार. अभ्यासाच्या वेळेत फोन बाजूला ठेवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. तिच्या नावानं लोकांना निरोप देण्याचा हक्क तुम्हाला नाही.

'हात पसरणं' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात खरा राग त्याच शब्दात आहे. भीक घेणाऱ्याला कुणी पावती मागत नाही. जिथे घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो त्याला भीक म्हणत नाहीत. जन्मभर लेखा विभागात बसलेल्या माणसाला हे मी सांगायला हवं का?

आणि हे पैसे कुणासाठी मागितले जातात तेही बघा. काँगोमधलं विरुंगा हे आफ्रिकेतलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९२५ सालचं. पहाडी गोरिला जिथे उरले आहेत अशा मोजक्या जागांपैकी एक. आजवर तिथले दोनशेहून अधिक रेंजर कामावर असताना मारले गेले आहेत. एप्रिल २०२० मध्ये एकाच हल्ल्यात बारा, जानेवारी २०२१ मध्ये आणखी सहा. त्याच २०२० मध्ये साथीमुळे उद्यान पर्यटकांना बंद झालं आणि तिकिटांचं उत्पन्न थांबलं. ज्या देशाच्या तिजोरीत शाळा-दवाखान्यांनाच पैसा पुरत नाही, तिथे मेलेल्या रेंजरच्या बायकोमुलांकडे कोण बघणार? त्या कुटुंबांसाठी उद्यानानं वेगळा निधी काढला आहे, आणि त्यात पैसे घालणारे बरेचसे लोक ते जंगल कधीच पाहणार नाहीत.

या कामाला आता बरीच वर्षं झाली. २००६-०७ च्या सुमारास केनियाचे रिचर्ड लीकी यांनी 'वाइल्डलाइफ डायरेक्ट' सुरू केली. कल्पना साधी होती. जंगलात काम करणाऱ्या माणसानं स्वतःच इंटरनेटवर रोजच्या नोंदी लिहायच्या आणि वाचणाऱ्यानं थेट त्याच्या कामाला मदत करायची. २००७ च्या जुलैत विरुंगामध्ये गोरिलांच्या एका कुटुंबावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तिथले रेंजर लिहीत होते आणि जग वाचत होतं. तुमची मुलगी जे करते आहे त्याची सुरुवात अशा लोकांनी केली.

आता तुमचा गैरसमज. एखादा व्हिडिओ गाजला की पैसा येतो, हे अर्धंच खरं आहे. २०१५ मध्ये झिंबाब्वेत ह्वांगे उद्यानाजवळ सेसिल नावाचा सिंह एका हौशी शिकाऱ्यानं मारला. जगभर संताप उसळला, टीव्हीवरून आवाहन झालं आणि त्या सिंहावर अभ्यास करणाऱ्या ऑक्सफर्डच्या गटाकडे दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. पण तो गट ह्वांगेत १९९९ पासून सिंहांच्या मागे फिरत होता, सेसिलच्या गळ्यात त्यांचाच, माग काढण्यासाठी घातलेला पट्टा होता. पैसा आला तेव्हा तो घेऊन काम करणारी माणसं तिथे आधीपासून उभी होती. शिवाय असा संताप काही दिवसांत ओसरतो आणि रेंजरचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून मला नैरोबीच्या शेल्ड्रिक ट्रस्टचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे आई गमावलेली हत्तीची पिल्लं वाढवतात. राखणदार रात्री पिल्लाजवळच झोपतात, दर तीन तासांनी बाटलीनं दूध पाजतात, आणि या सगळ्याची रोजची डायरी ठेवली जाते. कोण आज कुणाला ढुशी देऊन पुढे घुसलं, चिखलात कोण लोळलं, कोण दुधाला तोंड लावत नाही, असलं सगळं. दूरदेशी बसलेला माणूस एकेका पिल्लाचं पालकत्व घेतो, त्याची खबरबात महिन्यामागून महिने वाचतो आणि वर्ष संपलं की पुन्हा पैसे भरतो. तुम्ही ज्याला रोज रोज लिहीत बसणं म्हणता, त्यावर हे उभं आहे.

गाजण्याचा धोकाही असतो. स्लो लोरिस नावाच्या आशियातल्या छोट्या प्राण्याला गुदगुल्या करतानाचा व्हिडिओ काही वर्षांपूर्वी जगभर फिरला. तो हात वर करतो ते लोकांना गोड वाटलं. वास्तविक घाबरला की तो हात वर करतो, कारण त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते आणि तिचा स्राव लाळेत मिसळून विष तयार होतं. व्हिडिओखाली लोक विचारत होते, हा पाळायला कुठे मिळेल? बाजारात विकायच्या आधी या प्राण्याचे दात कापतात, भूल न देता.

पगाराचा आकडा मी देणार नाही. देश, संस्था आणि प्रकल्प बदलला की तो इतका बदलतो की मी दिलेला आकडा तुमची दिशाभूलच करेल. एवढं नक्की की सुरुवातीची काही वर्षं सॉफ्टवेअरमधल्या तिच्या मैत्रिणी तिच्यापेक्षा जास्त कमावतील, आणि बऱ्याच जागा अनुदान असेपर्यंतच टिकतात. हे तिनं उघड्या डोळ्यांनी स्वीकारायला हवं. पण काम भरपूर आहे आणि ते करणारी माणसं कमी. देणगीदारांशी संवाद ठेवणं, अनुदानाचे प्रस्ताव लिहिणं, हिशेब आणि कायदा सांभाळणं. भारतातच बघा. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो आणि प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. वाघ, पक्षी जाणणाऱ्या लहान संस्थांना हे जाणणारं माणूस मिळता मिळत नाही.

म्हणून इंजिनीअरिंग सोडून वन्यजीवशास्त्राकडे वळण्याचा सल्ला मी तिला देणार नाही. वन्यजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, भारतीय वनसेवेची परीक्षा हे रस्ते पदवीनंतरही खुले आहेत. पण जंगलात राहायचंय असं तिनं कुठे म्हटल्याचं तुमच्या पत्रात नाही, आणि तो तक्ता तर वेगळंच सांगतो. तिला माणसं जोडता येतात आणि हिशेब ठेवता येतो. त्यात कॉम्प्युटरची पदवी मिळाली तर फार उपयोगी. ट्रॅप कॅमेऱ्यांतून, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतून येणारे लाखो फोटो वेगळे करायला, गस्तीच्या नोंदी नकाशावर उतरवायला, देणगीदारांची माहिती सुरक्षित ठेवायला संगणकाचीच माणसं लागतात. ते दोन विषय तिला सोडवावे लागतील, त्यात सवलत नाही.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, तुझं काम मला आवडलं, पण एक चूक तुझीही आहे. लोकांचे पैसे तू स्वतःच्या खात्यात घ्यायला नको होतेस. एक फोन बंद झाला की सगळं अडकतं, हे तू आता पाहिलंस. यापुढे देणारा थेट संस्थेला देईल, तू फक्त पावती क्रमांक टिपून घे. ग्रुपला तुझ्याबरोबर आणखी दोन जबाबदार माणसं हवीत, म्हणजे तुझी परीक्षा असली तरी उत्तर द्यायला कुणीतरी असेल. आठवड्यातून एक दिवस ठरव आणि त्या दिवशी नीट लिही. रात्री दोनपर्यंत जागायची गरज नाही. आणि लिहिताना नुसती गोंडस पिल्लं दाखवू नकोस. फासा म्हणजे जनावरांच्या वाटेवर झाडाला बांधलेलं तारेचं वेटोळं. लावायला काही मिनिटं पुरतात, शोधायला मात्र माणसाला जंगलात मैलोन्मैल पायी फिरावं लागतं. त्याला बूट लागतात, गाडीत डिझेल लागतं, महिन्याचा पगार लागतो. बुटांसाठी पैसे मागणं अवघड असतं. तुझ्या लोकांना तू ते समजावून सांगू शकशील असं मला वाटतं. गेंड्यांचे, हत्तींचे फोटो टाकताना मात्र नेमकी जागा कळणार नाही याची काळजी घे, शिकारीही इंटरनेट वाचतात.

आता पुन्हा तुमच्याशी. फोन आजच परत द्या. ग्रुपवर पहिला मजकूर तिनं लिहायचा, तिच्या नावानं, तिच्या शब्दांत. 'आधीचा निरोप मी दिला नव्हता. इतक्या जणांची एवढी रक्कम माझ्याकडे सुरक्षित आहे. अमुक तारखेपर्यंत ती संस्थेकडे जाईल. ज्याला परत हवी असेल त्यानं सांगावं, मिळेल.' एवढं पुरे. तो निरोप वडिलांनी टाकला होता हे लिहायचं की नाही, ते तिला ठरवू द्या, आणि तिनं लिहिलं तर ते सोसा. रक्कम परदेशी पाठवण्याचे नियम बँकेत विचारा, त्या कामाला तुम्ही तिच्याबरोबर जा.

मग एका संध्याकाळी तो तक्ता घेऊन तिच्या शेजारी बसा. हिशेब जुळवताना एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टिक करायची, ही पद्धत तुम्हाला मी सांगायला नको. अठ्ठावीस नावं तुम्ही वाचा. पावत्या आल्या की त्यांचे क्रमांक तिला तिच्या हातानं भरू द्या.