राउटर मेला म्हणून टाकू नकोस

आधी ॲडॅप्टर बदलून बघ. दिवे लागून विझत राहिले तर बऱ्याचदा दोष त्याचाच असतो. टीपी-लिंक ८४१एनच्या नवव्या आवृत्तीला ९ व्होल्टचा लागतो, १२चा लावू नकोस.

ॲडॅप्टर ठीक असेल तर फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बिघडलेलं असू शकतं. बूटलोडर, म्हणजे चालू होताना फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्राम, शाबूत असला की ते परत चढवता येतं. लॅपटॉपचं वायफाय आणि फायरवॉल बंद कर, केबल पिवळ्या लॅन पोर्टमध्ये घाल, निळ्या वॅनमध्ये नको. या मॉडेलसाठी लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा स्थिर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दे आणि टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे राउटरला फाइल पुरवणारा प्रोग्राम, चालू कर. मग रिसेट दाबून धरून राउटर चालू कर. तो स्वतःच फर्मवेअरची फाइल मागतो, आणि ठरलेल्या नावानेच. अक्षर चुकलं तर ढिम्म हलत नाही. नेमकं नाव सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. फाइल तुझ्या राउटरच्या आवृत्तीचीच घे; आवृत्ती त्याच्या खालच्या स्टिकरवर वाच. नावात ‘बूट’ असलेली फर्मवेअर फाइल तशीच चढवलीस तर बूटलोडरही जाऊ शकतो, मग सोल्डरिंग आलं.

फाइल गेल्यावर काही मिनिटं हात लावू नकोस. आणि वीज जायची वेळ असेल तर हे काम उद्यावर ढकल, किंवा इन्व्हर्टरवर कर.